आभासी संगणकाची मंदगती व तिचे निदान

एका प्रत्यक्ष संगणकाच्या साधनसामग्रीवर दुसऱ्या संपूर्ण संगणकाचा भास निर्माण करून त्यावर स्वतंत्र परिचालन प्रणाली चालविता येते. अशा भासमान संगणकास आभासी संगणक किंवा रूढ भाषेत व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ज्या प्रत्यक्ष संगणकावर तो चालतो त्यास यजमान व भासमान संगणकास अतिथी अशी नावे आहेत. या दोहोंमध्ये राहून संस्कारक, स्मृती, तबकडी व जाल यांची वाटणी करणाऱ्या आज्ञावलीला हायपरव्हायजर म्हणतात. अतिथीला आपण स्वतंत्र यंत्रावर आहोत असेच वाटत असते. आपल्या वाट्याला आलेला संस्कारक प्रत्यक्षात पाच जणांत वाटला गेला आहे, हे त्याला सहसा कळत नाही. मंदगतीचे निदान अवघड होते ते यामुळेच. दुखणे एका ठिकाणी आणि लक्षण दुसऱ्याच ठिकाणी, असा हा प्रकार आहे.

ही कल्पना वैयक्तिक संगणकांपेक्षा जुनी आहे. आयबीएम या कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील विज्ञान केंद्रात १९६४ नंतर सीपी-४० या प्रणालीवर काम सुरू झाले. एकच महागडा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा, हा त्यामागील हेतू होता. तिचीच पुढची पिढी व्हीएम/३७० ही १९७२ मध्ये जाहीर झाली. कोणत्या प्रकारच्या संस्कारकावर असा भास कार्यक्षमतेने निर्माण करता येतो, याच्या अटी पोपेक व गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडल्या. वैयक्तिक संगणकांत रूढ झालेले इंटेल पद्धतीचे संस्कारक या अटी पूर्ण करीत नव्हते. त्यांच्यावरही आभासी संगणक चालविण्याची युक्ती व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ मध्ये बाजारात आणली. इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये संस्कारकातच त्यासाठी खास सोय केली. झेन (२००३), लिनक्सच्या गाभ्यात २००७ मध्ये समाविष्ट झालेली केव्हीएम आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली व्हर्च्युअलबॉक्स यांमुळे हे तंत्र सामान्य महाविद्यालयांच्या आवाक्यात आले.

वऱ्हाडातील स्थिती : अमरावती व अकोला या जिल्ह्यांत तांत्रिक शिक्षणाचा विस्तार टप्प्याटप्प्याने झाला. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ मध्ये, अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये व अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले. १९८० नंतर या भागात खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयेही निघाली. संगणक शाखेच्या अभ्यासक्रमात परिचालन प्रणाली, संगणकजाल, सुरक्षा व मेघसंगणन हे विषय आले, तेव्हा एकाच यंत्रावर विंडोज व लिनक्स अशा दोन्ही प्रणाली हाताळण्याची गरज पडू लागली आणि आभासी संगणक हा त्यावरचा स्वस्त मार्ग ठरला. विद्यार्थ्याला आपल्या अतिथी संगणकाची मोडतोड निर्धास्तपणे करता येते, कारण यजमानाला त्याची झळ पोहोचत नाही. मात्र प्रयोगशाळेतील यंत्रे पुष्कळदा आठ-दहा वर्षांची जुनी असतात, त्यांची स्मृती ४ गिगाबाइट आणि तबकडी फिरती असते. तीन तासांच्या प्रात्यक्षिकातील पहिला पाऊण तास अतिथी सुरू होण्यातच जाऊ लागला, तर त्या दिवशी शिकणे फारसे घडत नाही. नवी यंत्रे घ्यावीत की आहेत तीच नीट करावीत, हा निर्णय अशा वेळी निदानावर अवलंबून असतो. पुष्कळ बाबतींत पैसा खर्च न करताही दोष दूर होतो.

निदानाची पद्धत : प्रथम मंदपणा नेमका कोठे आहे ते ठरवावे लागते. अतिथी बंद ठेवून यजमान तेवढाच रेंगाळत असेल, तर आभासीपणाचा काही दोष नाही. प्रत्यक्ष यंत्रच तपासावे. यजमान चपळ व अतिथी मंद असेल, तर अतिथीच्या मांडणीकडे वळावे. एकटा असताना अतिथी चांगला चालतो, पण सोबत इतर अतिथी सुरू होताच मंदावतो, असे दिसले तर साधने अपुरी पडत आहेत असे समजावे. त्यानंतर संस्कारक, स्मृती, तबकडी व जाल या चार साधनांपैकी कोणते पूर्णपणे व्यापलेले आहे ते यजमानाच्या मापकावर पाहतात. अतिथीच्या आतील मापक येथे फसवे ठरते. आत संस्कारक शंभर टक्के व्यग्र दिसला, तरी ते शंभर टक्के मिळालेल्या वाट्याचे असतात, पूर्ण संस्कारकाचे नव्हेत. एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजणे, हा नियम साधा असला तरी घाईत तोच सर्वांत आधी मोडला जातो. पाच गोष्टी एकदम बदलून यंत्र सुधारले, तर गुण कोणत्या उपायाने आला ते कळत नाही आणि शेजारच्या यंत्रावर सर्व खटाटोप पुन्हा करावा लागतो.

संस्कारक : अतिथीच्या बहुतेक आज्ञा प्रत्यक्ष संस्कारकावर थेट चालतात. विशेषाधिकाराच्या आज्ञा आल्या की मात्र हायपरव्हायजर मध्ये पडतो. संस्कारकातील खास सोय बंद असेल, तर हे मध्ये पडणे फार खर्चिक होते. ही सोय यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, चालू करावी लागते. अनेक जुन्या यंत्रांत ती कारखान्यातूनच बंद येते. ती बंद असता ६४ बिटांची अतिथी प्रणाली सहसा सुरूच होत नाही. जुनी ३२ बिटांची प्रणाली काही हायपरव्हायजरांवर सुरू होते, पण रखडत.

विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत आणखी एक प्रकार आढळतो. विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायजर, हायपर-व्ही, आधीच चालू असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सला संस्कारकाची खास सोय थेट मिळत नाही; ती हायपर-व्हीच्या मार्फत वापरावी लागते. अशा वेळी अतिथीच्या खिडकीच्या तळाशी हिरव्या कासवाचे चित्र दिसते. ही निर्मात्यांची विनोदबुद्धी खरी, पण चित्राचा अर्थ ठाऊक नसल्याने कित्येक जण स्मृती वाढविण्यात दिवस घालवितात. कासव दिसल्यास हायपर-व्ही, त्यावर आधारलेली लिनक्सची उपप्रणाली आणि स्मृतीच्या अखंडतेचे संरक्षण यांपैकी काय चालू आहे ते पाहावे. यांतील शेवटची सोय सुरक्षिततेसाठी असते. महाजालाला जोडलेल्या व अनेकांच्या हाताखालून जाणाऱ्या यंत्रावर केवळ वेगासाठी ती बंद करणे शहाणपणाचे नाही. त्यापेक्षा हायपर-व्हीवरच अतिथी चालविणे बरे.

अतिथीला जितके अधिक आभासी संस्कारक द्यावेत तितका तो वेगवान होईल, ही समजूत सर्वत्र आढळते व ती चुकीची आहे. चार गाभ्यांच्या यंत्रावर चारही गाभे अतिथीला दिले, तर यजमानाला स्वतःचे काम करण्यास जागा उरत नाही आणि तबकडी, पडदा व जाल यांची अतिथीची कामेही यजमानानेच करावयाची असल्याने दोघेही अडखळतात. अनेक अतिथी असलेल्या मोठ्या सेवा-संगणकावर अधिक आभासी संस्कारक असलेल्या अतिथीला गाभे मोकळे होण्याची वाट अधिक पाहावी लागते. व्हीएमवेअरच्या प्रणालीत हा प्रतीक्षाकाळ मोजता येतो. प्रत्येक आभासी संस्कारकामागे तो सु. ५ टक्क्यांहून अधिक असेल, तर लक्ष देण्याजोगा मानतात. लिनक्स अतिथीत ‘टॉप’ या आज्ञेने दिसणाऱ्या तक्त्यात ‘एसटी’ या अक्षरांखाली इतरांनी हिरावलेला काळ दाखविला जातो. हा आकडा सतत मोठा राहत असेल, तर अतिथीच्या आत काहीही केले तरी उपयोग होत नाही.

स्मृती : लहान यंत्रांवरील मंदगतीचे सर्वांत सामान्य कारण हे आहे. समजा, यजमानाची स्मृती ४ गिगाबाइट आहे. विंडोज व ब्राउझर यांनी त्यांपैकी अडीच ते तीन व्यापले आणि अतिथीला २ दिले, तर एकूण मागणी उपलब्धतेहून अधिक होते. मग यजमान स्मृतीतील पाने तबकडीवर टाकू व परत आणू लागतो. स्मृतीतून वाचण्यास सेकंदाच्या सु. एक कोट्यंश भागाइतका काळ लागतो, तर फिरत्या तबकडीवरून वाचण्यास त्याच्या लाखपट. अतिथीची स्वतःची परिचालन प्रणालीही त्याच वेळी आपली पाने आपल्या आभासी तबकडीवर टाकू लागली, तर एकच पान दोनदा ये-जा करते. अशा वेळी तबकडीचा दिवा अखंड जळत राहतो व उंदीरही हलत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्मृती ठरविण्याच्या पट्टीवर हिरवा व तांबडा असे भाग असतात; तांबड्यात जाऊ नये एवढे पाळले तरी पुष्कळ काम होते. अतिथीला कमी स्मृती देऊन त्यात हलकी परिचालन प्रणाली बसविणे हा उत्तम उपाय होय. सजविलेल्या डेस्कटॉपाऐवजी एक्सएफसीईसारखा साधा डेस्कटॉप घेतला किंवा चित्रमय पडदा अजिबातच वगळला, तर १ गिगाबाइटमध्येही लिनक्सची बहुतेक प्रात्यक्षिके होतात.

मोठ्या सेवा-संगणकांवर अतिथींकडून न वापरलेली स्मृती परत घेण्याची फुग्याची युक्ती वापरतात. अतिथीच्या आत एक छोटी आज्ञावली ‘फुगून’ स्मृती अडविते व ती यजमानाला देऊन टाकते. युक्ती चांगली आहे, परंतु फुगा सतत फुगलेला दिसणे हे स्मृती कमी पडत असल्याचे चिन्ह होय.

तबकडी : मिनिटाला ७,२०० फेरे करणाऱ्या तबकडीस अर्धा फेरा होण्यास सु. ४ मिलिसेकंद लागतात व शीर्ष योग्य जागी नेण्यास आणखी ८-९ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली माहिती वाचताना ती सेकंदाला ७५ ते १०० वाचनांहून फारसे काम करू शकत नाही. घनावस्था तबकडी, म्हणजे एसएसडी, तेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. आभासी तबकडी ही यजमानाच्या तबकडीवरील एक मोठी फाइल असते. दोन अतिथी एकाच वेळी वाचू लागले की शीर्षाला या टोकापासून त्या टोकापर्यंत धावावे लागते आणि वेग अर्ध्याहूनही खाली येतो.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी हा परिणाम ठळकपणे दिसतो. एका सेवा-संगणकावर आठ फिरत्या तबकड्या आहेत व त्या मिळून सेकंदाला ८०० वाचने करतात असे धरू. अतिथी सुरू होण्यास १०,००० वाचने लागत असतील, तर एकट्या अतिथीला सु. १३ सेकंद पुरतात. चाळीस विद्यार्थ्यांनी एकाच वेळी कळ दाबली, तर ४ लक्ष वाचने व्हावी लागतात आणि त्यांना ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक काळ लागतो. पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थीही जवळजवळ तितकाच वेळ थांबतो. कालव्याचे पाणी सर्वांनी एकदम उघडले की कोणाच्याच शेताला नीट ओल मिळत नाही. पाणीपाळीप्रमाणे अतिथी पाच-पाचच्या गटांनी आधीच सुरू करून ठेवणे, किंवा सर्वांची मूळ तबकडी एकच ठेवून फक्त बदल वेगळे साठविणे, हे उपाय खर्चाशिवाय करता येतात. खर्च करावयाचाच असेल, तर नव्या संस्कारकापेक्षा घनावस्था तबकडीवर केलेला खर्च अधिक फळतो. जुन्या यंत्रांच्या बाबतीत हे विशेषेकरून खरे आहे.

अतिथीची विशिष्ट क्षणाची स्थिती जपून ठेवण्याच्या सोयीस स्नॅपशॉट म्हणतात. प्रत्येक स्नॅपशॉटनंतरचे बदल वेगळ्या फाइलीत जातात. अशा दहा-बारा फाइलींची साखळी झाली की साधे वाचन करण्यासही एकामागून एक फाइली धुंडाळाव्या लागतात. स्नॅपशॉट म्हणजे राखीव प्रत नव्हे. काम संपताच तो विलीन करावा, पण त्यासाठी तबकडीवर मोकळी जागा असावी लागते. यजमानातील विषाणुरोधक आज्ञावली आभासी तबकडीची फाइल प्रत्येक बदलागणिक तपासत असेल, तर तीही मंदगतीचे कारण होते. तो फोल्डर तपासणीतून वगळून अतिथीच्या आत वेगळे संरक्षण ठेवणे हा रूढ मार्ग आहे.

पडदा, जाल व पूरक आज्ञावली : अतिथीला दाखविलेली साधने पुष्कळदा जुन्या, सर्वपरिचित साधनांच्या नकला असतात. नक्कल हुबेहूब वठविण्यात संस्कारकाचा वेळ जातो. आपण आभासी आहोत हे अतिथीला कळू दिले व त्याला खास चालक-आज्ञावली दिल्या, तर हा वेळ वाचतो. केव्हीएममधील व्हर्टिओ, व्हीएमवेअरमधील व्हीएमएक्सनेट-३ आणि व्हर्च्युअलबॉक्समधील गेस्ट ॲडिशन्स ही त्यांची उदाहरणे होत. उंदीर अडखळणे, खिडकी ओढताना तुटक दिसणे अशा तक्रारी बहुधा या पूरक आज्ञावली बसविल्याने संपतात.

उष्णता, धूळ व वीज : या भागात एका कारणाचा विचार वेगळा करावा लागतो. अकोला हे भारतातील अतिउष्ण शहरांपैकी एक असून मे महिन्यात तेथील कमाल तापमान ४५° से.च्या वर जाते. अमरावतीचे उन्हाळेही फारसे सौम्य नसतात. संस्कारकाचे अंतर्गत तापमान सु. १००° से.च्या मर्यादेजवळ पोहोचले की तो स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच उतरवितो. खोलीतील हवाच ४० अंशांची असेल, तर ही मर्यादा लवकर गाठली जाते. आभासी संगणक दीर्घकाळ सर्व गाभे राबवितो, त्यामुळे साध्या लेखनकामात न दिसणारा हा दोष त्याच्या वापरात उघड होतो. याची लक्षणे ओळखण्यासारखी आहेत. पहिली दहा-पंधरा मिनिटे अतिथी चांगला चालतो व मग मंदावतो. सकाळच्या तुकडीची तक्रार नसते, दुपारच्या तुकडीची असते. संस्कारकाची वारंवारता दाखविणाऱ्या मापकावर ३ गिगाहर्ट्‌झचा आकडा घसरून १ च्या आसपास आलेला दिसला, की शंका उरत नाही.

पंखे व उष्णताशोषक यांत साचलेली धूळ हे त्याचे नेहमीचे कारण असते. कापसाच्या बाजाराच्या व जिनिंगच्या परिसरात हवेतील सूक्ष्म तंतू धुळीशी मिसळून पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखा थर धरतात. वर्षातून दोनदा, विशेषतः उन्हाळ्याच्या तोंडावर, पेटी उघडून ती साफ करणे व संस्कारकावरील वाळलेला उष्णतावाहक लेप बदलणे, यांनी गेलेला वेग परत येतो. वाळ्याच्या कूलरचा झोत थेट यंत्रावर घेण्याची पद्धत मात्र बरी नव्हे. मेच्या कोरड्या हवेत त्याने खोली थंड होते हे खरे, पण दमट झोताने धूळ चिकटून बसते व जोडबिंदू गंजतात. कूलर खोलीच्या एका बाजूस व हवा बाहेर जाण्याची वाट दुसऱ्या बाजूस ठेवावी.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विदर्भाच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले. त्यानंतर स्थिती सुधारली, तरी वीज अवचित जाणे पूर्णपणे थांबलेले नाही. चालू अतिथीची वीज गेली, तर त्याच्या तबकडीची मांडणी बिघडते व पुढच्या वेळी तो सुरू होताना दीर्घ तपासणी करीत बसतो. मांडीवरचा संगणक विजेवरून बॅटरीवर गेला, की ऊर्जाबचतीची योजना संस्कारकाचा वेग कमी करते. हा मंदपणा दोष नसून मांडणीचा भाग असतो आणि योजना बदलली की तो जातो.

दूरस्थ आभासी संगणक : ॲमेझॉनने २००६ मध्ये आभासी संगणक भाड्याने देण्यास प्रारंभ केला. तिचे मुंबईचे केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. बडनेऱ्यापासून मुंबई रेल्वेने सु. ६६० किमी. आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सु. २ लक्ष किमी. जातो, म्हणून एवढे अंतर जाऊन येण्यास ७ मिलिसेकंदांहून कमी काळ लागतो. प्रत्यक्षात ५०-६० मिलिसेकंद लागत असतील, तर उरलेला वेळ मधल्या जोडण्यांत जातो. दूर अमेरिकेतील केंद्र निवडले, तर हाच काळ २०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. लहान व्यापारी पुष्कळदा न पाहता सर्वांत स्वस्त यंत्र घेतात. ॲमेझॉनच्या टी-२ वर्गातील (२०१४) छोट्या मायक्रो यंत्रास गाभ्याचा केवळ १० टक्के वाटा कायमचा मिळतो. त्याहून अधिक वेग साठविलेल्या जमेतून खर्च होतो व जमा संपली की यंत्र दहा टक्क्यांवर येते. सकाळी चपळ असलेले संकेतस्थळ रोज दुपारी रडतखडत चालते, त्याचे कारण बहुधा हे असते.

शासकीय सेवांनाही हाच न्याय लागू पडतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा देऊ केला, तेव्हा राज्यातून दीड कोटींहून अधिक अर्ज आले. ही योजना २०२५ मध्ये बंद झाली. जुलैच्या अखेरीस अंतिम मुदत आली, की गावोगावच्या सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. पेरणीची कामे टाकून आलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पडदा गोल फिरत राहणे ही किरकोळ अडचण नसते. मुदत हुकली तर हंगामाचे संरक्षण जाते. येथे केंद्रचालकाला करता येण्याजोगी एकच गोष्ट आहे. अन्य संकेतस्थळे उघडून व दूरस्थ संगणकाला दिलेल्या सादेचा काळ मोजून, दोष आपल्या जोडणीत आहे की पलीकडे, हे त्याने ठरवावे. आपल्याकडे असेल तर दुसरी जोडणी वापरावी. पलीकडे असेल तर पुन्हापुन्हा कळ दाबल्याने गर्दी मात्र वाढते. पलीकडच्या बाजूस अंतिम तारखेपूर्वीच आभासी संगणकांची संख्या वाढवून ठेवणे शक्य असते, कारण गरजेपुरती वाढ व नंतर घट हाच भाड्याच्या आभासी संगणकाचा मुख्य लाभ होय. परंतु सर्व संगणक मिळून एकाच माहितीसाठ्याकडे धावत असतील, तर त्यांची संख्या वाढवूनही तो साठा अडतो.

स्वतंत्र परिचालन प्रणालीची गरज नसेल तेथे कंटेनर हा पर्याय २०१३ मध्ये डॉकर आल्यापासून लोकप्रिय झाला आहे. त्यात अतिथी यजमानाचाच गाभा वापरतो, म्हणून सुरू होण्यास काही सेकंदही लागत नाहीत व स्मृती थोडी पुरते. मात्र लिनक्सच्या यजमानावर विंडोजचा कंटेनर चालत नाही आणि परिचालन प्रणालीचा गाभाच शिकवावयाचा असेल, तर आभासी संगणकाला पर्याय राहत नाही.